आतला खिसा

लोरांत जादूगार गेल्याला महिना झाला, तेव्हा सेगेद शहराच्या जादूगार मंडळानं मृत जादूगारासाठीच्या रिवाजाप्रमाणे भर सभेत त्याची छडी मोडली. मग सगळ्यांच्या आग्रहाखातर त्याची बायको इल्डिको उठली. तिला एकच जादू यायची, चार राजे नि चार राण्यांची, त्यानंच शिकवलेली. तो म्हणायचा, "तुला काही करावं लागत नाही गं. डबीतले आठ पत्ते पिसायचे नाहीत, नुसते काटायचे. जोड्या आपोआप जुळतात."

लोरांतचा जुना दोस्त बेनेडेक, त्यानं पत्ते काटले. इल्डिकोनं चार पत्ते एका ओळीत मांडले आणि उरलेले एकेक करून त्यांच्यावर ठेवले. इस्पिक, चौकट, किलवर, तिन्ही जोड्या बरोब्बर जुळल्या. चौथ्या जागी बदामचा राजा होता, आणि तिचा हात रिकामा.

"केलीच ना फजिती माझी, लोरांत! राणी कुठं गेली?"

बेनेडेकनं मान खाली घातली. "वहिनी, खेळ संपला की ती राणी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. म्हणायचा, ही माझी इल्डिको, डबीत गुदमरेल."

शवपेटीत ठेवताना त्याला तोच कोट घातला होता. खिसे तपासू का, असं विचारणाऱ्याला तिनंच दटावलं होतं, "जादूगाराच्या खिशात बायकोनंसुद्धा हात घालायचा नसतो."

तिनं एकटा राजा उचलला.



"मला तर तो घेऊनच गेला. मग इथं कोण उरलंय, बेनेडेक?"