शेजीचा डबा

‘शेजीचा डबा, बाई, रिता नको धाडू,’ आई भांडी लावताना गुणगुणायची. अल्बनीत येऊनही वल्लरीने ते पाळलं. शेजारच्या कोरियन पार्कआजींचा आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा ती बेसनलाडू भरूनच परत करायची. किमची मात्र वास सोसवेना म्हणून कचऱ्यात जायची, आणि आजींना सांगायचं, ‘मस्त होती!’

एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या पानगळीत, आजी तिला गावाबाहेरच्या शेतावर चेस्टनट वेचायला घेऊन गेल्या. ‘सोलला होतो तेव्हा पानगळीत दरवर्षी जायचो गं.’

झाडाखाली त्यांनी किमचीचा डबा उघडला आणि आपल्या हाताने तिला घास भरवला.

‘तुझे लाडू मी पुरवून पुरवून खाते हं. सांग, नेहमीसारखी झालीय ना?’

आंबट, तिखट घास वल्लरीने चावून गिळला. तिची मान वर होईना.

‘आजी, मी आज पहिल्यांदाच खातेय.’