कॅलेंडरमागचं पाकीट

ईस्टरनंतर घराला आशीर्वाद द्यायला आलेले फादर आमच्या निगडीच्या फ्लॅटमध्ये पवित्र पाणी शिंपडता शिंपडता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी थांबले. नवराबायकोने जवळ येणं टाळायच्या दिवसांवर मी लाल फुल्या मारल्या होत्या. “लग्नाला नऊ वर्षं, मुलं दोनच, आणि तेही गोळ्यांशिवाय, चर्चला चालणाऱ्या पद्धतीने! नव्या जोडप्यांना हे दाखवतोच,” म्हणत त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. त्यामागे लपवलेलं माझ्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट त्यांच्या पायांशी पडलं. सत्तरीच्या सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली आणि वाकून पाकीट उचललं. “माझ्या बीपीच्या आहेत, फादर. बघा, आजची घ्यायची राहिलीच!” त्यांनी उरलेली एकुलती एक गोळी पाण्याबरोबर गिळली. फादर कॅलेंडर घेऊन खुशीत गेले. सासूबाईंनी पुन्हा जपमाळ उचलली. “तुझी आजची गोळी मी खाल्ली. नवऱ्याला फोन लाव. म्हणावं, आज ओव्हरटाइम कर.”