तळ दाखवणारं ॲप

समुद्राच्या नकाशाचं दुसरं ॲपही फलाहनं नाकारलं, तेव्हा धारीनं फोन गालिच्यावर ठेवला आणि चहाचा ग्लास उचलला.

"बू नाएफ, तू ॲप निवडतोयस की लेकीसाठी नवरा?"

"नवऱ्याला निदान चार प्रश्न विचारता येतात," फलाह म्हणाला. "हे बेटं मी कुठे गळ टाकतो ते सगळ्या कुवेतला सांगत सुटणार."

धारी हा फलाहच्या बायकोचा, मुनीराचा, धाकटा भाऊ. मेव्हण्याला तो मुलाच्या नावानं हाक मारायचा, बू नाएफ, म्हणजे नाएफचा बाप. राहायला दोन गल्ल्या पलीकडे, पण जेवायला बहुधा इथेच. ॲप शोधायचं काम मुनीरानं त्याच्यावर टाकलं होतं, कारण नवऱ्यावर टाकलं तर ते पुढच्या रमजानपर्यंत होणार नाही हे ती ओळखून होती. मागच्या शुक्रवारी धुक्यात फलाहची बोट उथळ वाळूवर चढून बसली आणि तटरक्षकांनी ओढून आणली. मुनीरा किनाऱ्यावर उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "फोनमध्ये धड नकाशा घे, नाहीतर बोट विक."

बोट विकायची म्हणजे शुक्रवारच विकायचा. पहाटे ट्रेलर जोडायचा, एकट्यानं निघायचं आणि दुपारी हमूर मासे घेऊन यायचं, यासाठी तर फलाह बाकीचा आठवडा ढकलत होता. पूर्वी तोही चारचौघांसारखा हात हलवत परत यायचा. मग त्याला ती जागा गवसली. ती कुठे आहे हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पाण्याचा मनोरा आणि वीजकेंद्राचं धुराडं एका रेषेत आलं की वळायचं, ही त्याची खूण. धुक्यात ना मनोरा दिसला, ना धुराडं.

"बरं, हे तिसरं बघ," धारी म्हणाला. "साधं आहे. पाण्याच्या खोलीचे आकडे आणि दीपस्तंभ, बास."

"हेच घेऊ!" फलाहचा चेहरा खुलला.

"आण इकडे." मुनीरानं मच्छबूस भाताचं ताट खाली ठेवलं आणि फोन हातात घेतला. "तू ज्या वाळूवर चढलास, ती यात कुठाय?"

ती त्यात नव्हतीच. नकाशा जुना होता.

"मग दुसरंच घ्या," ती म्हणाली. "ते तळ दाखवणारं."

ते ॲप बोटीवरच्या खोली मोजायच्या यंत्राला जोडलं, की जाता जाता खालचा तळ रेखून दाखवायचं. एकूण एक खडक दिसायचा.

"मला पाण्याखालचं बघायचंच नाही," फलाह कुरकुरला. "वर काय कमी आहे बघायला?"

"इतरांना दाखवायचं बटण बंद करून देतो," धारी म्हणाला. "आणि पहिल्या खेपेला मी सोबत येतोय. बहिणीचा हुकूम."

फलाहचा घास हातातच राहिला.

धारी मजेत जेवत होता. डाव्या हातात त्याची नेहमीची किल्ली फिरत होती. गाडी चोरीला जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यानं ती टाकली नव्हती. पोलिसांना गाडी सापडली तर किल्ली लागेलच, असं त्याचं म्हणणं. गाडी लांबलचक, हिरवी. गुरुवारी तो इथे मुक्कामाला आला की ती बरोबर फाटकासमोर लावायचा आणि घोरत पडायचा. एकदा फाटकाच्या कमानीत अडकून टपावरचा कॅरिअर एका बाजूनं वाकला, तोही त्यानं कधी सरळ केला नाही. धारी मक्केला गेला असताना ती गेली. तेव्हा फलाह स्वतः त्याच्यासोबत पोलिसांकडे जाऊन आला होता. तेव्हापासून धारी पायी हिंडतो. पोट उतरलं, साखर ताळ्यावर आली, आणि त्याचा डॉक्टर त्या चोराला दुवा देतो.

"तुझ्या त्या जागेत आहे तरी काय एवढं?" धारीनं विचारलं.

"खडक. हमूरला घर लागतं. बोळ, सावली, लपायला जागा. उघड्या वाळूवर तो राहत नाही."

"लोक टायर बुडवतात, पाइप बुडवतात, तरी कोरडेच येतात. नशीबवान आहेस."

शुक्रवारी समुद्र शांत होता. फलाहनं बोट भलत्याच दिशेला नेली आणि एके ठिकाणी गळ टाकले. बराच वेळ काही लागलं नाही.

"हीच का ती जागा?" धारी हसायला लागला. "की इतकी वर्षं बाजारातून विकत आणत होतास? थांब, मुनीराला सांगतोच."

हे मात्र फलाहच्या वर्मी लागलं. त्यानं मुकाट्यानं इंजिन सुरू केलं, डोक्यावरचा गुत्रा काढून फोनवर टाकला आणि मनोरा नि धुराडं एका रेषेत येईपर्यंत मान वळवली नाही.

गळ खाली गेला न गेला तोच दोरी ताणली. पहिला हमूर धारीच्या हाताएवढा होता. दुसरा त्याहून मोठा. चौथ्याला तर धारीनं फलाहला मिठीच मारली.

"बू नाएफ, तू राजा माणूस आहेस! ही जागा मी माझ्या बापालासुद्धा सांगणार नाही!"

फलाहलाही भरून आलं. उगाच इतकी वर्षं याला लांब ठेवलं, असं त्याला मनापासून वाटलं. तो पाचवा मासा सोडवायला वाकला, आणि किती खोल आहे ते बघायला धारीनं गुत्रा उचलला.

पडद्यावर सगळीकडे सपाट वाळू होती. मधोमध एक लांबलचक पेटारा दिसत होता. त्याच्या टपावर जाळी होती, एका बाजूनं वाकलेली.

धारीनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि फोनशेजारी ठेवली.

"बू नाएफ," तो म्हणाला, "मक्केला जाताना काचा मी वर करून गेलो होतो. मग हे मासे आत शिरले कसे?"