बारोलोची द्राक्षं

पॅरामॅटाच्या ऑफिसातली मैत्रीण रूथ ज्यू होती, म्हणून तिच्याकडे जेवायला जाताना चित्रलेखाने धर्मनियमांत बसणारी कोशर इटालियन वाइन नेली, बारोलो. "सांजोवेझे द्राक्षांची आहे," नवरा यतिन जेवताना ऐटीत म्हणाला. "नाही रे, नेबिओलोची," चित्रलेखा सहज बोलून गेली.

घरच्या गॅरेजमध्ये गाडी थांबताच त्याने तिचे केस धरून तोंड डॅशबोर्डवर आपटलं. "चारचौघांत मला शिकवतेस? कुठली द्राक्षं, बोल!" ओठ फाटला, दात हलला. मध्येच गाडीला जोडलेल्या तिच्या मोबाइलवर रूथचा फोन आला, तो यतिनने घाईत स्टिअरिंगवरचं बटण दाबून गप्प केला आणि पुन्हा हात उगारला. शेवटी रक्त गिळत ती पुटपुटली, "सांजोवेझे."

 

गाडीच्या स्पीकरमधून रूथचा कापरा आवाज आला, "नेबिओलोच, चित्रा. पोलीस निघालेत."