पहिल्या दहा मुलाखती

चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली बोटं गमावलेल्या चाळीस कामगारांच्या मुलाखती श्रद्धानं वर्षभर फिरून घेतल्या होत्या. नाव कुठंही फुटणार नाही, असा शब्द देऊन.

आकुर्डीच्या कॉलेजात तिच्या गाइड सरांनी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "तीन एआय टूल्स तपासली. मराठीला हेच सरस आहे. सगळ्या मुलाखती यात टाक, महिन्याभरात प्रबंध उभा राहील."

"तपासली म्हणजे कशी, सर?"

"तू दिलेल्या पहिल्या दहा टाकून."

"नावांसकट?"

सर घुटमळले. "हो. घाईत नावं काढायची राहून गेली."

श्रद्धाचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बोधचिन्हाकडं गेलं. ते त्याच कारखान्याचं होतं.

"हे टूल त्यांनीच कॉलेजला भेट दिलंय," सर हळू आवाजात म्हणाले. "खातंही त्यांच्याच ताब्यात असतं. टाकलेलं सगळं त्यांना दिसतं."

ती व्हरांड्यात आली आणि मोशीला धोंडीबाकाकांना फोन लावला. पहिली मुलाखत त्यांची होती. झालेलं सगळं तिनं कसंबसं सांगितलं.



"बरं," काका म्हणाले. "बाकीच्या नऊ जणांस्नी तू सांगतीस, का मी सांगू?"