चार वाजताची हाक

रोज चार वाजता विभावरीबाईंच्या फोनवर पोकरची जाहिरात लागायची, गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या मुलाच्या, निहारच्या, फोनमधल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून एआयने बनवलेल्या आवाजात: "आई, पत्ते वाटू?" मायलेक दुपारी चिंचोके लावून खेळत, तेव्हा तो असंच विचारायचा.

आज सव्वाचार झाले तरी फोन गप्पच होता.

"मेलेल्यांच्या आवाजात जुगाराची जाहिरात करायला आजपासून बंदी आहे," त्यांची मुलगी ऋजुता म्हणाली. "तक्रार मीच केली होती. रोज रडायचीस तू."

"रडायचे गं. पण आधी 'वाट रे' म्हणायचे."

विभावरीबाईंनी चिंचोक्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला. "तू विचार बघू, त्याच्यासारखं."

ऋजुताने पत्ते हातात घेतले. "आई" म्हणाली, आणि पुढचं न विचारताच पत्ते वाटू लागली.