मुजावर सरांचा नेम

"सर, फुग्यावर नीट नेम धरा. लक्षच नाही तुमचं," केतकी म्हणाली, तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

मिरजेच्या त्या उपचार केंद्रात लकवा झालेल्यांच्या हातांना व्यायाम म्हणून तिनं हा खेळ बनवला होता. पूर्ण स्क्रीनवर फुगे येत आणि माउसनं क्लिक करून ते फोडायचे. चित्रकला शिकवण्यात हयात घालवलेल्या मुजावर सरांकडून एकही फुगा फुटत नव्हता.

"हात गेला गं माझा," ते हळूच म्हणाले.

किती सोपं आहे ते दाखवायला केतकी त्यांच्या खुर्चीत बसली. तिनं फुग्याच्या मधोमध क्लिक केलं, पण फुगा तसाच राहिला. दुसराही. मग तिच्या लक्षात आलं. खेळ आता स्क्रीनभर मोठा दिसत होता, पण माउसची जागा मात्र अजून जुन्या, लहान विंडोच्या मापानंच मोजली जात होती, त्यामुळे क्लिक भलतीकडेच पडत होतं. घरी तिनं सगळं त्या विंडोतच तपासलं होतं. सरांचा नेम पहिल्यापासून बरोबर होता.

शरमेनं तिचे कान तापले. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, तुमचा हात चांगला आहे. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे."

सर हसले. "असू दे बेटा. आजारी माणसाला धीर द्यायला सगळे असंच बोलतात," असं म्हणत त्यांनी उजवा हात शालीखाली घेतला.